१० पटीचं ट्रिप्लेट भिंग: पिलबाराच्या खडकांवर वापरून लिहिलेला रिव्ह्यू

भूशास्त्राच्या फील्डसाठी एकच हँडलेन्स, म्हणजे हातात धरायचं भिंग, घ्यायचं ठरवलं असेल तर १० पटीचं, २१ मिलिमीटर व्यासाचं, ट्रिप्लेट प्रकारचं आणि धातूच्या खोळीत घडी होणारं घ्या. २० पटीच्या मोहात पडू नका. दिवा बसवलेलं घेऊ नका. एकाच खोळीत तीन निरनिराळ्या सुट्या काचा असलेला जुडगा तर दुकानदाराने भेट दिला तरी फील्डवर नेऊ नका. हे मत बनलंय पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात. पृथ्वीवरच्या जीवसृष्टीच्या सर्वांत जुन्या आणि सर्वाधिक पटणाऱ्या खुणा तिथल्या खडकात आहेत, आणि मंगळावर नेमकं काय शोधायचं ते डोळ्यांना शिकवायला शास्त्रज्ञ तिथेच येतात. ऑगस्ट २०१९ मध्ये नासाच्या मार्स २०२० आणि युरोपच्या एक्झोमार्स या दोन्ही मोहिमांची मंडळी हेच खडक बघायला एकत्र आली होती.

मी मूळची नांदेडची, पुण्यात एमएस्सी केलं, आता पर्थला असते. पोटापाण्याचं काम लोहखनिजाचं. थंडीच्या मोसमात, म्हणजे तिथल्या मे ते सप्टेंबरात, सुट्टी जोडून घेते आणि विद्यापीठाच्या एका गटाबरोबर नोंदी ठेवायला जाते. त्यामुळे हे भिंग कामावर रोज गळ्यात असतं आणि आवडीच्या कामातही तेच. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण ही रचना अनेक कंपन्या बनवतात आणि नाव बघून घेण्यापेक्षा पारखून घेणं जास्त महत्त्वाचं आहे. पारखायचं कसं, तेच आधी सांगते.

ट्रिप्लेट म्हणजे तीन काचा एकमेकींना चिकटवून केलेलं एक भिंग. एकट्या काचेतून बघितलं की कडेच्या रेषा वाकतात आणि काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर निळी-तांबडी झालर दिसते. तीन काचांची जोडणी हे दोन्ही दोष जवळपास काढून टाकते. दुकानात ग्राफपेपरचा तुकडा घेऊन जा आणि भिंगातून चौकोन बघा. मधले चौकोन सगळीच भिंगं सरळ दाखवतात, तुम्ही कडेचे बघा.

रंगाची झालर हा नखरेल ग्राहकांचा मुद्दा आहे असं कुणाला वाटेल, पण पिलबारात सगळं काम रंगाच्या सीमांवरच चालतं. तिथल्या खडकात पायराइटचे कण असतात, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज. ते हवेच्या संपर्कात येऊन गंजतात आणि कणाभोवती लालसर वेटोळं तयार होतं. शेजारी तपकिरी डोलोमाइट (चुनखडीसारखा खडक), त्याच्याशेजारी करडा चर्ट (गारगोटीच्या जातीचा कठीण खडक). आता प्रत्येक कडेला भिंगच आपल्या पदरची तांबडी रेघ ओढायला लागलं तर ते वेटोळं खडकातलं की काचेतलं, हे सांगणार कोण? नोंदवहीत ‘कणाभोवती लाल कडा’ असं लिहिलं की पुढे प्रयोगशाळेत कुणीतरी त्यावर विसंबून नमुना कापतं.

आता पटीच्या आकड्याबद्दल. ऑनलाइन बाजारात ‘३० पट, २१ मिमी’ असा शिक्का मारलेली भिंगं मोप मिळतात. असलं एक मीही मागवलं होतं. कंपनीचं नाव आता आठवायचंही कारण नाही. हिशोब अगदी सोपा आहे: २५० ला भिंगाच्या नाभीय अंतराने, मिलिमीटरमध्ये, भागा. उन्हात भिंग धरून कागदावर सूर्याचा सर्वांत लहान ठिपका पाडा आणि काच ते कागद अंतर मोजा, तेच नाभीय अंतर (कागद पेटण्याआधी भिंग बाजूला घ्या). २५ मिलिमीटर आलं तर भिंग १० पटीचं. ३० पटीच्या भिंगाचं अंतर ८ मिलिमीटरच्या आसपास यायला हवं, आणि एवढ्या कमी अंतराचं चांगलं भिंग २१ मिलिमीटर रुंद होणं अवघड असतं. माझं ते ‘३० पट’ मोजलं तर जेमतेम १० पटीच्या घरात निघालं, काचही एकेरी. ते परत केलं. सध्याचं २१ मिलिमीटरचं ट्रिप्लेट मला साधारण साडेतीन हजार रुपयांच्या मोलाला पडलं, आणि तो पैसा पुरेपूर वसूल झाला आहे.

२० पट खरी असली तरी का नको? कारण खडकापासून फक्त १२ मिलिमीटरवर काच न्यावी लागते. मग तुमच्याच डोक्याची सावली खडकावर पडते, एका वेळी दिसणारा भाग इवलासा होतो, आणि खडक जरा उंचसखल असला की निम्मा भाग धूसर. फील्डवरचा खडक घासून गुळगुळीत केलेला नसतो. १० पटीत अडीच सेंटिमीटरची जागा मिळते, तिथून ऊन आत येतं. दिव्याच्या भिंगाची अडचण वेगळी. दिवा समोरून पडतो आणि सगळ्या सुरकुत्या सपाट करून टाकतो. आपल्याला हव्या असतात त्या सुरकुत्याच, आणि त्या कलत्या उन्हात उठून दिसतात. म्हणून आमच्या गटात अवघड जागा सकाळी लवकर किंवा चारनंतर बघायचा रिवाज आहे.

धरायची पद्धत नव्या मुलांना हमखास सांगावी लागते. भिंग डोळ्याजवळ, अगदी पापणीला लागेल इतकं. हाताची बोटं गालाच्या हाडावर टेकवायची. मग नमुना उचलून भिंगाकडे आणायचा, स्पष्ट दिसेपर्यंत. पक्का खडक असेल तर आपणच वाकायचं, गुडघे टेकायचे. भिंग लांब धरून पोस्टाच्या तिकिटासारखं बघणाऱ्याला कितीही महागडं भिंग द्या, त्याला काही दिसत नाही. सोबत पाण्याची फवारणीची छोटी बाटली ठेवा. कोरड्या चर्टवर काहीच दिसत नाही, ओला केला की थर उघडे पडतात आणि उन्हात मिनिटभरात वाळून पुन्हा मिटतात. तेवढ्या वेळात बघून घ्यायचं.

आता ज्यासाठी हे सगळं, ते. मार्बल बार हे गाव उष्णतेसाठी प्रसिद्ध आहे. १९२३-२४ साली तिथे सलग १६० दिवस रोजचं कमाल तापमान ३७.८ अंशांच्या खाली उतरलं नव्हतं. गावाच्या पश्चिमेला नॉर्थ पोल नावाचा भाग आहे. ध्रुवाशी त्याचा काही संबंध नाही, लाल टेकड्या आणि पायात घुसणारं स्पिनिफेक्स गवत. ही न्यामल लोकांची भूमी. इथल्या ड्रेसर फॉर्मेशनचं (फॉर्मेशन म्हणजे खडकांचा एक थरसमूह) वय सुमारे ३४८ कोटी वर्षं, आणि बराइट या खनिजाच्या जुन्या खाणीच्या आसपासच्या थरांत स्ट्रोमॅटोलाइट आहेत, हे १९८० मध्ये प्रसिद्ध झालं. स्ट्रोमॅटोलाइट म्हणजे सूक्ष्मजीवांच्या चिकट साईवर गाळ आणि खनिजं थरावर थर साचून झालेले खडक. जीव केव्हाच गेले, थरांची ठेवण उरली.

जवळच्याच स्ट्रेली पूल फॉर्मेशनमधले स्ट्रोमॅटोलाइट थोडे तरुण, सुमारे ३४३ कोटी वर्षांचे, आणि दिसायला जास्त देखणे. २००६ मध्ये अ‍ॅबिगेल ऑलवुड आणि सहकाऱ्यांनी त्यांचे ७ प्रकार वेगळे करून दाखवले. त्यातला शंकूंचा प्रकार मी भिंगाखाली सगळ्यात जास्त वेळ बघितला आहे. उभ्या छेदात तो ओळीने मांडलेल्या त्रिकोणांसारखा दिसतो. लांबून बघणारा ‘वा’ म्हणून फोटो काढतो आणि पुढे जातो. भिंग लावलं की प्रश्न सुरू होतात.

पहिला प्रश्न: एक थर पकडा आणि तो शंकूच्या उतारावरून टोकापर्यंत डोळ्यांनी चालत न्या. टोकाला तो जाड होतो की पातळ? नुसता गाळ वरून पडला असता तर तो उंचवट्यावर कमी आणि खळग्यात जास्त साचला असता. इथे उलटं दिसतं: काही थर टोकाशी जाड होतात, खळग्याकडे झिरझिरीत. मिलिमीटरहून कमी जाडीच्या थरात हा फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही, १० पटीत स्वच्छ कळतो. दुसरा प्रश्न: एरवी घरंगळून खाली गेले असते इतक्या तीव्र उतारावर गाळाचे कण थांबले आहेत का? थांबले असतील तर त्यांना काहीतरी धरून होतं. तिसरा: थरांच्या सुरकुत्या एकसारख्या आहेत की प्रत्येक थराची आपली वेगळी? खडक नंतर दाबला जाऊन पडलेल्या घड्या सगळे थर एकदम वाकवतात. वाढताना पडलेल्या सुरकुत्या थरागणिक बदलतात.

आमच्या गटात नाशिकचा एक पीएचडी करणारा मुलगा होता. एका संध्याकाळी तो पालथा पडून एकाच हातभर जागेवर चिकटून बसला होता. मला हाक मारून म्हणाला, “ताई, हे बघा ना, इथे थर अचानक तुटलाय आणि पुढचा थर त्या तुटक्या कडेवरून तसाच चढलाय.” मी बघितलं. खालचा थर मोडलेला, त्याची कपची शेजारच्या खळग्यात आडवी पडलेली, आणि वरचा नवा थर दोघांनाही पांघरून गेलेला. म्हणजे लाट आली, साय फाटली, आणि त्यावर पुन्हा वाढ सुरू झाली. सगळा प्रकार माझ्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत. आम्ही आळीपाळीने पाणी मारत आणि बघत राहिलो, ऊन जाईपर्यंत. अशा संरक्षित जागी परवानगीशिवाय दगड उचलता येत नाही, हातोडा तर लांबच. तिथलं काहीही न नेता असं दृश्य देणारं भिंगासारखं दुसरं साधन मला माहीत नाही.

पण भिंग ‘जीव होता’ असं कधीच सांगत नाही, आणि या रिव्ह्यूमध्ये हे ठासून सांगणं मला गरजेचं वाटतं. ग्रीनलंडच्या इसुआ भागात ३७० कोटी वर्षांच्या खडकात स्ट्रोमॅटोलाइट सापडल्याचा दावा २०१६ मध्ये झाला. जगभर बातम्या झाल्या. दोन वर्षांनी ऑलवुड आणि सहकाऱ्यांनी त्याच जागेची तपासणी प्रसिद्ध केली: त्रिकोण एका बाजूने दिसतात, पण दुसऱ्या बाजूने बघितलं तर त्या लांबट कडा आहेत, आणि आत अखंड थरच नाहीत. खडक दाबला-ताणला गेल्यावर असे आकार तयार होऊ शकतात. तेव्हापासून आमच्या गटाच्या प्रमुख बाई कुणालाही एकाच बाजूचा फोटो दाखवू देत नाहीत. “दुसरी बाजू बघितलीत का? आतले थर बघितलेत का?” एवढंच विचारतात. हे दोन्ही प्रश्न भिंगाचे आहेत, प्रयोगशाळेपर्यंत जायची गरज नाही.

उलट बाजूने, भिंगाच्या आवाक्याबाहेर काय आहे तेही मनात पक्कं असावं. आपल्या डोळ्याला साधारण एक दशांश मिलिमीटरपर्यंतचं वेगळं दिसतं, १० पटीत एक शतांशपर्यंत. जीवाणूंचे जीवाश्म त्याहून बारीक. मार्बल बारजवळच्या एपेक्स चर्टमध्ये ३४६ कोटी वर्षांपूर्वीचे सूक्ष्मजीव असल्याचं विल्यम शॉफ यांनी १९९३ मध्ये मांडलं, मार्टिन ब्रेझियर यांनी २००२ मध्ये त्याला आव्हान दिलं, आणि हा वाद सूक्ष्मदर्शकाखालच्या पातळ छेदांवरचा होता. तिथे हँडलेन्सला काही काम नाही. ड्रेसरच्या थरांमध्ये जमिनीवरच्या गरम झऱ्यांपाशी साचणारा गीझराइट हा खडक आहे, हे तारा जोकिक यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं, तेही प्रयोगशाळेतल्या कामानंतरच पक्कं झालं. पृष्ठभागावरचा पायराइट गंजून गेलेला असल्याने २०१९ मध्ये संशोधकांनी ड्रिल करून खोलवरून काढलेल्या खडकाच्या नमुन्यात बघितलं, तेव्हा स्ट्रोमॅटोलाइटच्या पायराइटमध्ये सेंद्रिय द्रव्य टिकून असल्याचं सापडलं. भिंगाचं काम त्याच्या आधीचं. कुठे कापायचं आणि कुठे कापून उपयोग नाही, हे ते ठरवून देतं.

मंगळावरही हीच उतरंड आहे. २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या नासाच्या क्युरिऑसिटी गाडीच्या हाताला जो जवळून बघणारा कॅमेरा आहे त्याचं नावच ‘मार्स हँड लेन्स इमेजर’, म्हणजे माहली. सर्वांत जवळून तो एका पिक्सेलमध्ये १४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे १४ हजारांश, दाखवतो. म्हणजे माझ्या गळ्यातलं भिंग आणि मंगळावरचा तो कॅमेरा साधारण एकाच पातळीवर बघतात. फील्डवर आपण प्रमाणासाठी खडकाशेजारी नाणं ठेवतो, तसं त्या गाडीवरही १९०९ सालचं एक सेंटचं नाणं बसवून पाठवलं आहे. मार्स २०२० मोहिमेच्या पर्सिव्हिअरन्स गाडीवरचा वॉटसन कॅमेरा माहलीच्याच घराण्यातला. आणि स्ट्रेली पूलचे स्ट्रोमॅटोलाइट वर्षानुवर्षं बघणाऱ्या अ‍ॅबिगेल ऑलवुड त्याच गाडीवरच्या पिक्सल या उपकरणाच्या प्रमुख झाल्या. हे उपकरण क्ष-किरणांनी खडकातली मूलद्रव्यं कणाकणाने मोजतं.

जुलै २०२४ मध्ये पर्सिव्हिअरन्सने ‘चेयावा फॉल्स’ नाव दिलेला मीटरभर लांबीचा खडक बघितला. तांबूस दगडावर मिलिमीटरभराचे फिकट ठिपके, प्रत्येकाला काळी कड. त्या कडेत लोह आणि फॉस्फेट असल्याचं पिक्सलने सांगितलं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावरचा सविस्तर शोधनिबंध आला. जीवसृष्टीची खूण असण्याची शक्यता आहे, पण जीवाशिवायही असं होऊ शकतं, एवढंच त्यात जबाबदारीने मांडलं आहे. ते फोटो मी पहिल्यांदा बघितले तेव्हा माझा हात नकळत गळ्यातल्या दोरीकडे गेला. ठिपक्याची कड, तिची जाडी, कडेबाहेरचा रंग, थर ठिपक्यातून आरपार जातो की ठिपक्याशी थांबतो, हे सगळे १० पटीचे प्रश्न आहेत. पिलबारात गुडघे टेकून ज्यांनी ते विचारले, तीच माणसं आता ते मंगळाला विचारत आहेत, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आता भिंगाचे दोष. पिलबाराची धूळ लोहाची आणि गारेची, काचेवर चरे पाडणारी. कोरड्या कापडाने किंवा शर्टाच्या टोकाने पुसलंत तर वर्षभरात काच धुरकट होईल. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग पाण्याचे दोन थेंब, मग मऊ कापड. घडीचा स्क्रू ढिला होतो. छोटा स्क्रूड्रायव्हर सोबत असू द्या, आणि दर आठवड्याला घट्ट करा. सोबत येणारी दोरी माझ्या अनुभवात कुचकामी असते, घामाने कुजते. बुटाची जाड नाडी वापरा, तीही रंगीत. चकाकणारं भिंग स्पिनिफेक्समध्ये पडलं तर दिसत नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर उघडं ठेवायचं नाही, उन्हात ते काय पेटवेल याचा भरवसा नाही. चष्मा असेल तर काढून बघा. जवळच्या-लांबच्या नंबराने फरक पडत नाही, नमुना थोडा मागेपुढे केला की झालं. तिरकस (सिलिंडरचा) नंबर असेल तर मात्र चष्म्यासकट बघावं लागतं आणि दिसणारा भाग कमी होतो. अशांनी २१ मिलिमीटरहून लहान भिंग घेऊच नये.

पिलबारा लांब आहे म्हणून भिंग घ्यायचं थांबवू नका. राजस्थानात चितोडगडजवळ भोजुंदा आणि उदयपूरजवळ झामरकोटडा इथे, उत्तर प्रदेशात सोनभद्र जिल्ह्यात सलखन इथे आपले स्ट्रोमॅटोलाइट आहेत, पिलबाराहून खूप तरुण पण थर स्पष्ट. झामरकोटड्याचे फॉस्फेटमधले आहेत, ओले करून बघाच. महाराष्ट्रात लोणारला स्ट्रोमॅटोलाइटसाठी जायचं नाही, पण बेसाल्टमध्ये अशनी आपटून झालेलं विवर म्हणून मंगळाचे अभ्यासक तिथे येतात. मीही विद्यार्थिनी असताना भिंग पहिल्यांदा तिथेच लावलं होतं, आघाताने वितळून झालेल्या काचेच्या तुकड्यावर. यातल्या कुठल्याही जागी काही फोडू नका, काही उचलू नका. बघायला बंदी नाही.

कॉलेजातल्या मुलांसाठी: बजेट कमी असेल तर १८ मिलिमीटरचं डबलेट (दोन काचांचं भिंग) घ्या, ते निम्म्याच्या आसपास किमतीत मिळतं आणि दोन वर्षं सहज भागतं. फक्त दुकानात ग्राफपेपर आणि पट्टी घेऊन जा, आणि उन्हात ठिपका पाडून मोजू देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.